पुरानी बस्ती : रायपूरच्या जुन्या गल्ल्यांत पादचाऱ्यांच्या हक्काचा प्रश्न

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीचा सर्वांत जुना भाग म्हणून ओळखली जाणारी पुरानी बस्ती मोटारींचे युग येण्यापूर्वी, पायी चालणाऱ्यांच्या सोयीने वसली. आज त्याच गल्ल्यांत दुचाकी, ई-रिक्षा, मालवाहू गाड्या आणि भाजी विक्रेत्या यांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. सुरक्षित पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी स्पष्ट केले. मात्र जेथे स्वतंत्र पदपथासाठी जागाच नाही, तेथे हा हक्क कसा मिळणार, हा प्रश्न अशा वस्त्यांपुढे आहे.

तलावांभोवतीची वस्ती

जयस्तंभ चौकाच्या दक्षिणेकडील जुने रायपूर बुढा तलाव, महाराजबंध आणि कंकाली तलाव यांच्या आसपास वाढले. महामाया मंदिर, जैतूसाव मठ, जगन्नाथ मंदिर आणि जवळचा दूधाधारी मठ ही येथील प्रमुख स्थाने. घर, बाजार, तलाव व मंदिर ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मोहल्ल्याला येथे ‘पारा’ म्हणतात. ब्राह्मणपारा, बुढापारा, कंकालीपारा अशी नावे त्यातूनच आली.

मराठी वाचकांना परिचित असलेल्या खुणाही या परिसरात आहेत. छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर 1818 मध्ये प्रशासनाचे केंद्र रतनपूरहून रायपूरला आले. बुढापाऱ्यातील शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्या कामातील त्यांचे सहकारी आणि या प्रदेशातील सहकारी चळवळीचे एक प्रवर्तक वामनराव लाखे यांची आठवण लाखेनगर या नावाने जपली आहे.

टुरी हटरी

पुरानी बस्तीतील टुरी हटरी हा जुना बाजार महिला विक्रेत्यांमुळे ओळखला जातो. छत्तीसगढी भाषेत ‘टुरी’ म्हणजे मुलगी आणि ‘हटरी’ म्हणजे लहान बाजार. पायी येणाऱ्या ग्राहकावर अशा बाजाराची उलाढाल अवलंबून असते. चालणे अवघड झाले की ग्राहक घटतो, आणि रस्ता मोकळा करण्याची मोहीम निघाली की प्रथम विक्रेत्यांना उठावे लागते.

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 या दोन्ही बाजूंचा समतोल साधू पाहतो. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के आणि त्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला असणे बंधनकारक आहे. परंपरेने चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांची दखल घेण्याची तरतूदही कायद्यात आहे.

रुंदीकरण की वाहनांचे नियमन

2000 मध्ये रायपूर राजधानी झाले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 10 लाखांवर गेली. वाढत्या वाहतुकीवर रस्ता रुंदीकरण हा नेहमीचा उपाय सुचवला जातो. जुन्या शहराच्या कडेने जाणाऱ्या जी. ई. रोडवरील तात्यापारा ते शारदा चौक हा लहानसा टप्पा मात्र अनेक वर्षे रुंदीकरणाच्या चर्चेतच अडकून राहिला. दाट वस्तीत घरे आणि दुकाने संपादित करणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. तीन-चार मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना असा पदपथ काढला तर मध्ये रस्ताच उरत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी संपूर्ण गल्ली पादचाऱ्यांची मानून वाहनांचा वेग, वेळ आणि पार्किंग यांवर मर्यादा घालणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याचे तत्त्व 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच मांडलेले आहे.

देशात याची उदाहरणे आहेत. दिल्लीतील चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या सुमारे 1.3 किलोमीटरच्या रस्त्यावर सकाळी 9 ते रात्री 9 या वेळेत मोटार वाहनांना बंदी करण्यात आली. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. मात्र अशा बंदीची अंमलबजावणी रोज करावी लागते. शिवाय रहिवाशांची ये-जा, रुग्णवाहिका, अग्निशमन वाहने आणि दुकानांत माल उतरवण्याच्या वेळा यांचे नियोजन आधीच करावे लागते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. त्यांत 32,825 पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालणारा होता.

रायपूरची निवड 2016 मध्ये स्मार्ट सिटी अभियानासाठी झाली. अशा योजनांत तलावांचे सुशोभीकरण आणि चौकांची रोषणाई लगेच नजरेत भरते. पुरानी बस्तीतील वृद्ध, शाळकरी मुले आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजारात येणाऱ्या विक्रेत्या यांच्यासाठी मात्र घरापासून हटरीपर्यंत निर्धास्तपणे चालत जाता येणे, हाच अशा सुधारणांचा खरा निकष आहे.