अडवलेली वाट

मैत्रिणींनो, भावकीत वाटणी होते, बाईच्या वाट्याला आतला तुकडा येतो आणि पुढच्या शेतवाला बांधावर काट्या टाकतो. पेरणीला औत न्यायचं कुठून?

हे भांडण आपल्या पणजीच्याही आधीचं. सुविधाधिकाराचा कायदा झाला १८८२ साली, मुंबई इलाख्यात लागू झाला १८९१ ला. वाटणीनंतर ज्या तुकड्याला दुसरी वाटच उरत नाही, त्याला दुसऱ्या हिश्श्यातून वाट द्यावी लागते, असं त्यात आहे. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, पाऊस कुठे थांबतो? म्हणून मामलेदाराचं कोर्ट कामाला येतं. त्याचा १९०६ चा कायदा अजून चालू आहे. वहिवाटीची वाट अडवली, तर तहसीलदार अडथळा काढायला लावतो. मात्र दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत लावायचा. आपण बायका इथंच मागे राहतो. जाऊबाईला कशाला दुखवायचं म्हणत हंगाम जातो, मुदतही जाते.

आधी वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्याखाली बांधावरून वाट मागता येते. अर्ज तहसीलदाराकडेच. सोबत आपला आणि शेजाऱ्याचा सातबारा आणि गटाचा नकाशा जोडायचा.