अभ्यासक्रम कुणाच्या कामावर उभा राहिला?

इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डरचा कोर्स शिकवायचा तर आधी स्वतःचं प्रमाणपत्र हवं, मग प्रशिक्षकाचा वेगळा कोर्स. आज हे साधं वाटतं. पण १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत होते. (हो, बरोबर वाचलंत.)

१९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. सीपीआरच्या प्रवर्तकांपैकी एक, डॉ. पीटर सफार यांनी आखलेलं सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण तिथल्या बेरोजगारांना दिलं गेलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी याच लोकांबरोबर काम करत पॅरामेडिकचा राष्ट्रीय अभ्यासक्रम घडवला. आणि १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा आणली, फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत परीक्षा आणि अटी आल्या, त्यात बरेच जुने लोक गळाले. आता यात ‘पात्र’ कोण, ते तुम्हीच ठरवा!

म्हणून विषय निवडताना नुसता अभ्यासक्रम वाचून थांबू नका, त्याच वर्षांची नोकरभरतीची कागदपत्रंही शोधा. टिकलेली माणसं तिथेच सापडतात. फ्रीडम हाउसचे जॉन मून हे त्यातले एक, पुढे ते शहराच्या सेवेत असिस्टंट चीफ झाले.