गव्हाच्या शेतातला राखणदार

आज जरा आपल्या पोळीच्या आत डोकावूया.

शाळेत मी शिकलो की पेशी विभागताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. लागतात म्हणजे लागतात, विषय संपला! पण गव्हात हा विषय इतका सोपा नाही.

पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं. ती तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेली : ए, बी आणि डी असे तीन संच, प्रत्येकाच्या सात जोड्या. (आपल्या खपलीत डी संच नाही, म्हणून तिथे २८.) हे संच एकमेकांची चुलत भावंडं, बरीचशी सारखी. परागकण तयार होताना एखाद्या गुणसूत्राने सख्ख्याऐवजी चुलत भावाचा हात धरला, तर वाटणी बिघडते आणि ओंबीत दाणे नीट भरत नाहीत. तरीही गव्हात २१ जोड्या चोख लागतात. हे कोण सांभाळतं?

अमेरिकेत मिझुरीला अर्नेस्ट सिअर्स यांनी वर्षानुवर्षं खपून ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाची, एकेक गुणसूत्र कमी असलेली रोपं तयार केली होती. इकडे केंब्रिजला राल्फ रायली आणि व्हिक्टर चॅपमन एकेरी रोपं तपासत होते. एकेरी म्हणजे २१च गुणसूत्रं, सख्खा जोडीदार कुणालाच नाही. त्यामुळे बहुतेक सगळी एकटी राहतात. पण ज्या रोपांत ५-बी हे गुणसूत्र नव्हतं, तिथे उरलेल्या २० मध्ये चुलत जोड्या लागल्या! म्हणजे राखणदार ५-बीवर बसला होता. हे छापून आलं १९५८ मध्ये, आणि त्याच वर्षी सिअर्स व ओकामोटो यांनीही तेच दाखवलं. पुढे त्याला पीएच-वन नाव मिळालं.

आता गंमत ऐका. हाच राखणदार रानगवतांचे चांगले गुणही आत येऊ देत नाही. म्हणून रायली यांच्या गटाने त्याचा प्रभाव तात्पुरता दाबला आणि एका रानगवतातली पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देणारी ताकद गव्हात आणली, साल १९६८. सिअर्स यांनी १९७७ मध्ये तर राखणदार नसलेलं रोपच दिलं. ते आजही पैदासकारांच्या कामी येतं.

आणि हा राखणदार आहे तरी कोण? २०१७ मध्ये जॉन इनेस सेंटरमधल्या संशोधकांनी बोट ठेवलं झिप-फोर या जनुकावर. मूळ जनुक ३-बीवरचं, त्याची एक जादा प्रत ५-बीवर येऊन बसलेली.

एक नक्कल झाली, म्हणून गहू टिकला. पुढची पोळी मोडताना आठवा. भेटूच पुढच्या भागात.