बंद करायचे ते नेमके काय?

शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तो सुरू झाला. त्यानंतर दोन वर्षांनी मी राहात्याच्या आत्याला घेऊन तिथून हैदराबादला निघालो. आम्हा दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. दार लागले आणि हिंदीत सूचना झाली : सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणे बंद करावीत किंवा फ्लाइट मोडवर ठेवावीत. मी फोन बंद केला. आत्याने कानातले श्रवणयंत्र काढले, त्यातला सेल काढून रुमालाच्या गाठीत बांधला. "आत्या, ते राहू दे गं," असे मी म्हणालो, पण आता तिला ऐकूच येत नव्हते. उतरताना विमान चांगलेच हलले. पट्टे बांधून बसा, असे सांगितले गेले तेही तिला कळले नाही. तिने फक्त माझे मनगट घट्ट धरले.

घरी आल्यावर मी या सूचनेच्या मुळाशी जायचे ठरवले. ती कोणी सुरू केली आणि कशासाठी?

तिचा उगम मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. १९५०च्या दशकात खिशात मावणारे ट्रान्झिस्टर बाजारात आले आणि प्रवासी ते विमानात नेऊ लागले. रेडिओ फक्त ऐकतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो हळू आवाजात बोलतही असतो. हवे ते केंद्र पकडण्यासाठी एफएम रेडिओ स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो. ही लहर सहसा त्या केंद्राच्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची असते. आपले आकाशवाणीचे नगर केंद्र १००.१ मेगाहर्ट्झवर लागते. त्यात १०.७ मिळवले की ११०.८ होतात. आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांसाठी राखलेला आहे. दूरवरून आलेला तो संकेत विमानापर्यंत पोहोचताना क्षीण झालेला असतो, तर प्रवाशाचा ट्रान्झिस्टर विमानाच्या पोटातच असतो. गावाबाहेरून कोणी हाक मारत असावे आणि कानाशी दुसऱ्याने कुजबुजावे, तसा हा प्रकार.

म्हणून १९६१मध्ये अमेरिकेत विमानात एफएम रेडिओ लावण्यास बंदी आली. १९६६मध्ये नियम अधिक व्यापक झाला. एखादे उपकरण निर्धोक आहे, असे विमान कंपनीने ठरवेपर्यंत ते वापरायचे नाही. म्हणजे सिद्ध करण्याचा भार उपकरणावर आला. या अमेरिकी नियमात काही अपवाद नावानिशी दिलेले आहेत : आवाज मुद्रित करणारे छोटे यंत्र, हृदयाचा पेसमेकर, दाढीचे इलेक्ट्रिक यंत्र आणि श्रवणयंत्र. ती यादी वाचताना मला आत्याच्या रुमालाची गाठ आठवली.

मग खरा धोका किती? १९९५मधले एक प्रकरण बोलके आहे. एका बोइंग ७३७ विमानात प्रवाशाच्या लॅपटॉपमुळे स्वयंचलित वैमानिक यंत्रणा सुटते, अशी तक्रार झाली. बोइंग कंपनीने तो लॅपटॉप त्या प्रवाशाकडून विकत घेतला. प्रयोगशाळेत त्यातून ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लहरी निघताना आढळल्या. मग त्याच विमानातून दोनदा उड्डाण करून पाहिले, पण बिघाड पुन्हा काही झाला नाही. या विषयाचे हेच दुखणे आहे. धोका सिद्ध होत नाही आणि धोका नाही हेही सिद्ध होत नाही. उपकरणे शेकडो तऱ्हेची, विमानेही अनेक तऱ्हेची. प्रत्येक जोडी तपासणार कोण? बंद ठेवा, असे सांगणे सोपे पडले.

मोबाइलवरच्या बंदीची कथा आणखी वेगळी आहे. अमेरिकेत १९९१मध्ये ती घातली दूरसंचार खात्याने, आणि काळजी होती जमिनीवरच्या जाळ्याची. वर उडणाऱ्या फोनला एकाच वेळी अनेक मनोरे दिसतात, त्यामुळे खालच्या ग्राहकांच्या संभाषणात अडथळा येऊ शकतो.

पुढे विमानांच्या यंत्रणा अधिक संरक्षित झाल्या. ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकेने उड्डाण आणि उतराईतही उपकरणे वापरायला मोकळीक दिली. २०१४मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडची अट घालून तशीच परवानगी दिली. म्हणजे आम्ही प्रवास केला तेव्हा नियम बराच सैल झाला होता.

तरी तो निरर्थक झालेला नाही. जमिनीपासूनची उंची मोजणारे विमानातले यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालते. अमेरिकेत ५जी सेवा त्याच्या जवळच्या पट्ट्यात येताच जानेवारी २०२२मध्ये उड्डाणे रद्द करावी लागली. त्यात भारतातून जाणारीही होती. आपल्याकडे त्याच वर्षी धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत असे ५जी मनोरे उभारू नयेत, असे दूरसंचार विभागाने कळवले. शिवाय आता लहरींपेक्षा बॅटरीची धास्ती मोठी आहे. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियात उड्डाणाच्या तयारीतले एक विमान पेटले. सगळे वाचले. तपासाचा रोख पॉवर बँकेवर गेला.

म्हणजे साठ वर्षांत कारणे चार वेळा बदलली : ट्रान्झिस्टर, मोबाइलचे जाळे, ५जी, बॅटरी. सूचना मात्र जवळपास त्याच शब्दांत राहिली. कारण न सांगता नियम सांगितला की माणसांचे दोन तट पडतात. एक जण 'काही होत नाही' म्हणून फोन चालूच ठेवतो. दुसरा इतका भितो, की स्वतःचा कानच काढून ठेवतो. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते, कारण आणीबाणीची सूचना त्यालाच ऐकू येणार नाही.

परतीच्या प्रवासात मी आत्याला आधीच सांगून ठेवले, "फोन बंद कर, मशीन कानातच राहू दे." तिने खात्री करायला हवाईसुंदरीला विचारले. ती हसून म्हणाली, "आजी, ते तर घालाच." शिर्डी जवळ आल्याची घोषणा झाली तेव्हा माझा डोळा लागला होता. आत्यानेच मला हलवून उठवले. "पट्टा बांध," म्हणाली, "सांगताहेत ना."