पोटगी, अपत्यांची : वयोमर्यादेचा इतिहास

स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या अपत्याच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी आईवडिलांनी द्यावयाच्या नियतकालिक रकमेस अपत्याची पोटगी म्हणतात. ही रक्कम केव्हा बंद व्हावी, हे ठरविण्यासाठी कायद्याने दोन कसोट्या वापरल्या आहेत. पहिली वयाची व दुसरी असमर्थतेची. भारतीय कायद्याच्या इतिहासात प्रथम दुसरी कसोटी प्रमुख होती. १९७३ नंतर पहिलीस प्राधान्य मिळाले.

हिंदू धर्मशास्त्रकारांनी बाल्यावस्थेची मर्यादा सोळाव्या वर्षापर्यंत मानली. ती त्या वर्षाच्या प्रारंभी संपते की अखेरीस, याविषयी त्यांच्यात मतभेद होता. मुस्लिम विधीच्या हनफी पंथानुसार मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलगी विवाहित होईपर्यंत तिच्या निर्वाहाची जबाबदारी पित्यावर असते. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान होते, असे ठरविले. न्यायालयाने पालक नेमलेला असल्यास ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. हा भेद १९९९ च्या दुरुस्तीने रद्द झाला.

पोटगीचा सोपा व त्वरित उपाय मात्र फौजदारी कायद्यात आला. १८७२ ची फौजदारी प्रक्रिया संहिता विधिमंडळात मांडणारे सर जेम्स फिट्सजेम्स स्टीफन यांच्या मते या तरतुदींचा हेतू निराधारांची भटकंती व तिचे दुष्परिणाम टाळणे हा होता. १८९८ च्या संहितेतील कलम ४८८ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या औरस वा अनौरस अपत्यास दंडाधिकाऱ्याकडून दरमहा रक्कम मिळू शके. तिची कमाल मर्यादा प्रथम ५० रुपये होती, ती १९२३ मध्ये १०० व १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. या कलमात वयाचा उल्लेख नव्हता.

वैजापूर तालुक्याच्या बाबतीत हा कायदा उशिरा लागू झाला. शेजारचे येवला (नासिक जिल्हा) व कोपरगाव (अहमदनगर जिल्हा) हे तालुके ब्रिटिश मुंबई इलाख्यात असल्याने तेथे ब्रिटिश संहिता चालू होती. वैजापूर मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते व त्या संस्थानाचे फौजदारी कायदे स्वतंत्र होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५१ मध्ये १८९८ ची संहिता तेथे लागू करण्यात आली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे ऑगस्ट १९८१ पासून सुरू झाले.

१९५६ च्या हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० अन्वये माता व पिता या दोघांवरही अज्ञान अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी टाकण्यात आली. स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीच्या बाबतीत ती सज्ञानतेनंतरही चालू राहते. या अधिनियमामुळे कलम ४८८ रद्द होत नाही आणि त्यातील ‘अपत्य’ या शब्दाने केवळ अज्ञान अपत्य अभिप्रेत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. त्यामुळे अठरा वर्षांवरील, परंतु असमर्थ अशा अपत्यालाही दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येत असे.

ही स्थिती १९७३ च्या संहितेने बदलली. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या या संहितेच्या कलम १२५ मध्ये ‘अज्ञान’ हा शब्द घालण्यात आला. शारीरिक वा मानसिक विकृती अथवा इजा यांमुळे असमर्थ ठरणारे अपत्य (विवाहित मुलगी वगळून) एवढाच सज्ञानांसाठी अपवाद ठेवला गेला. ५०० रुपयांची मर्यादा २००१ मध्ये काढण्यात आली. वयाची मर्यादा मात्र तशीच राहिली.

तिचा परिणाम शिक्षणावर होतो. बारावीची परीक्षा सामान्यतः सतराव्या-अठराव्या वर्षी येते. म्हणजे महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृह व प्रवास यांचा खर्च वाढण्याच्या सुमारासच दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची मुदत संपते व तो भार बहुधा एकट्या आईवर पडतो. हे ध्यानी घेऊन २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलाचा शिक्षणखर्च अठरा वर्षांपर्यंत नव्हे, तर पहिली पदवी मिळेपर्यंत देण्यास पित्यास सांगितले. तत्पूर्वी १९९७ मध्ये मुस्लिम अपत्यांनाही कलम १२५ चा लाभ आहे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले होते. अविवाहित सज्ञान हिंदू मुलीचा हक्क २०२० मध्ये मान्य करताना, तो कलम १२५ खाली नसून १९५६ च्या अधिनियमाखाली आहे, असेही त्याने म्हटले. कौटुंबिक न्यायालय दोन्ही प्रकारचे दावे ऐकू शकते. जेथे ते नाही, अशा तालुक्याच्या ठिकाणी मुलीला दंडाधिकाऱ्याऐवजी दिवाणी न्यायालयात जावे लागते व मूळचा सोपा उपाय तिला उपलब्ध राहत नाही.

इंग्लंडमध्ये अपत्याचा निर्वाहखर्च सामान्यतः सोळाव्या वर्षापर्यंत असतो, पण ते विद्यापीठपूर्व पूर्णवेळ शिक्षण घेत असल्यास वीस वर्षांपर्यंत देय असतो. न्यूयॉर्क राज्यात ही मर्यादा एकवीस वर्षांची आहे. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये अपत्याविषयीच्या खंडातून ‘अज्ञान’ हा शब्द वगळण्यात आला आहे. तथापि सज्ञान अपत्यासाठी विकृती वा इजेची अट घालणारा खंड त्यात कायम आहे. त्यामुळे शिकत असलेल्या निरोगी सज्ञान अपत्याचा निर्वाह हा प्रश्न विधिमंडळाने स्पष्टपणे सोडविलेला नाही.