संप्रेरक तोडले, तरी गाठ वाढते कशी?

जळगाव-भुसावळहून रात्रीची गाडी धरून परळचे टाटा रुग्णालय गाठणे, हा खानदेशातील अनेक कुटुंबांच्या आठवणींचा भाग आहे. ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले : पुरुषी संप्रेरक तोडले, की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. वृषणे काढण्याचा हा उपाय कठोर खरा. पण हाडांच्या वेदनेने खिळलेल्या माणसांना त्याने आराम दिला. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल मिळाले.

विजय मात्र टिकाऊ नव्हता. काही काळाने गाठ पुन्हा वाढू लागे. संप्रेरक नसताना पेशीला वाढीचा हुकूम देतो कोण?

धागा सापडला भलतीकडेच. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क टोचला, की नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडतात, हे स्टॅन्ली कोहेन यांच्या ध्यानी आले. त्यातील पदार्थ त्यांनी १९६२ मध्ये वेगळा केला. तोच ईजीएफ हा वृद्धिघटक. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला तो चिकटताच वाढीचा संदेश आत जातो.

असे प्रश्न आधी काचपात्रात वाढवलेल्या पेशींवरच तपासावे लागतात. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची विद्या रुजवली. त्यांचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग, प्रोस्टेटचा नव्हे. संप्रेरक आणि गाठ यांच्या नात्याचा शोध मात्र तोच. शालेय पुस्तकांत त्यांचे नाव याहून ठळक असायला हवे होते.

१९९४ साली झोरान चुलिग आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत पाहिले, की वृद्धिघटक संप्रेरकाविनाही पुरुषी संप्रेरकाचा ग्राही जागा करू शकतात. मग ईजीएफचा ग्राहीच अडवला तर? काचपात्रात पेशी मंदावल्या. रुग्णांत मात्र गेफिटिनिब हे औषध एकट्याने निष्प्रभ ठरले. एक कारण असे, की यांपैकी अनेक गाठींत पीटेन नावाचा आतला लगामच गळून पडलेला असतो; मग दाराशी पहारा बसवून काय उपयोग? त्यामुळे संशोधकांची नजर ग्राहीवरून पेशीच्या आतील एकेटी या विकराकडे वळली.

रोग पसरलेला असेल, तर धुळ्याच्या रुग्णालाही आज पायाभूत उपचार मिळतो तो १९४१ चाच : संप्रेरक तोडणे, शस्त्रक्रियेने किंवा इंजेक्शनने.