खुर्द विषाणूची कुळकथा

'खुर्द' हा फारसी शब्द, अर्थ लहान. वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दचं नाव राज्यभर पोहोचलं. लॅटिनमध्ये लहानाला 'पार्वुस' म्हणतात. त्यावरूनच कुत्र्यांच्या 'पार्वो' विषाणूचं नाव. एका मिलिमीटरच्या ओळीत हे विषाणू सुमारे 40,000 बसतील, इतके ते खुर्द.

कुत्र्याचं पिल्लू उलट्या करू लागलं, रक्ताची हगवण लागली, की बरेच जण 'गॅस्ट्रो झाला' म्हणतात, पण तो पुष्कळदा पार्वो असतो. दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला तो वास विसरता येत नाही.

हा आजार जुना वाटतो, पण तसा नाही. 1978 पूर्वी तो कुत्र्यांत कुणी ओळखलेलाच नव्हता. त्या वर्षी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे कुत्री एकाएकी मरू लागली. या विषाणूचं मूळ सापडलं मांजराच्या घराण्यात. मांजरांच्या अशाच एका आजाराच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं निघालं. कवचावरच्या मोजक्या बदलांनी त्याला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडलं. 'कॅनाइन पार्वोव्हायरस-2' या त्याच्या पूर्ण नावातला 'दोन' हा आकडाही उगीच नाही. कुत्र्यात आणखी एक खुर्द विषाणू 1967 सालीच सापडला होता.

सुरुवातीला डॉक्टरांनी मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली. नातं जवळचं असल्याने तिचा उपयोग झाला, पण पुरेसा नाही. मग न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात लेलँड कारमायकेल आणि मॅक्स अॅपेल यांनी खुद्द कुत्र्याच्या विषाणूवर काम केलं. प्रयोगशाळेतल्या पेशींत तो पुन्हा पुन्हा वाढवून त्याची धार बोथट केली. 1981 पर्यंत जिवंत पण दुबळ्या विषाणूची लस हाती आली. आजच्या 'सेव्हन-इन-वन', 'नाइन-इन-वन' इंजेक्शनांत तोच वारसा आहे.

तरी 'लस दिली होती, तरी मेलं' हे दुःख ऐकू येतंच. त्याचं मूळ पुष्कळदा आईच्या चिकात असतं. कुत्रीच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगप्रतिकारक प्रथिनं मिळतात. ती रोगाशी लढतात, तशीच लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही मारतात. पुढे ती ओसरतात, पण कोणत्या पिल्लात केव्हा, हे बाहेरून कळत नाही. मधल्या काळात रोग अडत नाही आणि लसही रुजत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी टोचत, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर द्यायचा. एका इंजेक्शनावर थांबणं ही माझ्या मते सर्वांत महागडी काटकसर.

हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. स्पिरिट त्याला पुरत नाही. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर पुरते, पण जागा आधी घासून धुतलेली हवी. गोसीखुर्दच्या शेजारीच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि रानकुत्र्यांनाही हा विषाणू लागतो, म्हणून गावातल्या मोकाट पिल्लांची लस ही जंगलाचीही काळजी आहे.

पावसाळ्यानंतर व्यालेल्या कुत्रीची पिल्लं हिवाळ्यात अंगणात खेळू लागतात. लक्ष्मीपूजनाला जन्मलेलं पिल्लू महाशिवरात्रीला सोळा आठवडे पार करतं. शेवटचा डोस त्या दिवसांत.